सात तिकिटं आणि चूलबंद आवतण

प्लॅनिंग म्हणजे मी! हे मी म्हणत नाही, आमच्या दीपनगरच्या थर्मल वीजकेंद्रातला जो तो म्हणतो. म्हणजे मीच सगळ्यांना तसं सांगून ठेवलेलं आहे. स्टोअरकीपर माणूस मी. बॉयलर बंद पडायच्या सहा महिने आधी त्याचा नटबोल्ट कुठल्या रॅकवर ठेवला आहे ते मला माहीत असतं. तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्ख्या कुटुंबाला मुंबईजवळचं ते मोठं पार्क दाखवून आणायचं ठरलं, त्याची काळजी मी काय करणार?

पार्क म्हणजे आपली बाग नव्हे हं! पेपरात पानभर जाहिरात आली होती. आकाशाला टेकलेला पाळणा, माणसाला उलटं करणारी गाडी, घसरगुंडीवरून थेट पाण्यात! मी ती जाहिरात कापून स्टोअरच्या रजिस्टरात चिकटवली आणि खाली तक्ता आखला. माणसं सात. मी, बायको प्रमिला, आमची दोन कार्टी, माझी माय धुरपदाबाई, माझी थोरली बहीण बेबाअक्का आणि तिचा नवरा पितांबरदाजी. रेल्वेची सात रिझर्व्हेशनं. पाण्याच्या बाटल्या सात. उलटी झाली तर पिशव्या सात.

"आठवी घ्या," प्रमिला म्हणाली. "तुमचा बेत फिसकटला की तो भरायला!"

तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. कारण हा बेत नुसता गंमतजंमत करायचा नव्हता. त्यात माझी अक्का अडकलेली होती.

झालं असं होतं की तीन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याचं जावळ होतं. तेव्हा मी वेळ वाचवायला म्हणून अक्काच्या सासरी पोस्टकार्ड टाकलं, 'अक्का व दाजी, दोघांनी अवश्य येणे.' धुळ्याकडच्या त्या घरात माणसं चौदा! एका चुलीवर जेवणाऱ्या चौदा माणसांत दोघांनाच बोलावणं! ते कार्ड दाजींनी पारावर बसून मोठ्यांदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. बस्स. तेव्हापासून आखाजीला अक्काला आणायला गेलेला मुऱ्हाळी तीनदा हात हलवत परत आला. आखाजीला खानदेशातली लेक माहेरी येते, झोके घेते, गाणी म्हणते. माझी बहीण तीन वर्षं सासरच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकींचे झोके मोजत होती, आणि तेही माझ्या एका पोस्टकार्डापायी!

म्हणून हे पार्क. एवढा मोठा मान केला तर दाजी विरघळतील, असा माझा हिशेब होता.

मायनं मात्र मला आधीच बजावलं. "लोटन, आते कागद लिखू नको. कौतिकआबाले धाड. तो नीट सांगस."

कौतिकआबा म्हणजे धरणगावजवळच्या आमच्या खेड्यातला आवतण सांगणारा म्हातारा. लग्न असो, बारसं असो, डोक्याला पागोटं बांधून दारोदार तोच फिरणार. मला प्लांटमधून सुट्टी मिळत नव्हती, आणि खरं सांगायचं तर दाजींसमोर एकट्यानं उभं राहायची छातीही नव्हती. मी आबांना निरोप दिला, "अक्काच्या घरी पार्कचं आवतण सांगा. काही कमी पडू देऊ नका. एकदम मानानं!"

इथे माझी चूक झाली. कारण मानानं आवतण सांगायची आबांना एकच रीत ठाऊक होती, चूलबंद! म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत झाडून सगळ्यांनी यायचं.

आखाजीला सकाळी मी कुटुंबासह गावात उतरलो, तर आमच्या घरासमोर ही गर्दी! मला वाटलं, कोणी गेलं की काय! पण सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे होते. दाजी पांढरीशुभ्र टोपी घालून खाटेवर बसले होते. त्यांच्या भोवती त्यांचं चौदा माणसांचं घर. दाजींची आई भिकुबाई, वय पंच्याहत्तर, नाकात नथ घालून माझ्या मायशी गप्पा मारत होती. आणि पलीकडे आमच्या भाऊबंदांची पाच घरं, ट्रंका आणि वळकट्यांसकट!

मी कौतिकआबांना गोठ्यामागे ओढलं. "आबा, अक्काकडे सांगायचं होतं ना? हे आपले भाऊबंद कशाला?"

आबा माझ्याकडे असे पाहायला लागले, जसा काही मीच वेडा झालोय. "लेकना घर चूलबंद सांगं, आनि भाऊबंदासले नही सांगं, तर गावमा तोंड कसं दखाडसू?"

"पण आबा, पार्कचं आवतण होतं! जेवणाचं नाही!"

"आवतण ते आवतण! जेवणनं काय नि पार्कनं काय!"

मी माणसं मोजली. सत्तावन्न! पुन्हा मोजली. अठ्ठावन्न! एक बाळ आधी झोळीत झोपलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगून टाकायचं की चूक झाली, माफ करा. सांगता का? चूलबंद आवतण देऊन परत घ्यायचं? सहा घरच्या चुली विझलेल्या! तेवढ्यात दाजी उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मन भरी उनं, लोटनभाऊ. चौदाच्या चौदा माणसांना बोलावलंत. वर भाऊबंदांसमोर! आते मनमा काहीच नही." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पण हां, इतक्या माणसांदेखत जर परत फिरावं लागलं, तर बेबाचं हे माहेर माझ्यालेखी संपलं."

दाजींच्या मागे अक्का उभी होती. तीन वर्षांनी पाहत होतो तिला. नुसती हसली. ठरवलं, वाट्टेल ते होवो, ही सगळी माणसं त्या पार्कात शिरली पाहिजेत!

तरी आखाजीच्या जेवणानंतर मी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, जरा घाबरवलं तर निम्मे तरी आपणहून गळतील. मी ओट्यावर उभा राहून भाषण ठोकलं. "मंडळी, तिथली गाडी साधी नाही! माणसाला उलटं टांगते! पोटातलं सगळं तोंडात येतं! वरून पाण्यात फेकतात! भल्या भल्या पैलवानांनी देवाचं नाव घेतलेलं आहे!"

मी मनातल्या मनात माणसं वजा करायला लागलो.

"उलटं टांगस?" भिकुबाईनं विचारलं. "खरंच का?"

"अगदी खरं, आजी!"

"मंग पहिले मी बठसू!"

झालं! जे घरी थांबायचं म्हणत होते, तेही निघाले. पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी उलटी होणार म्हटल्यावर मागे राहणार कोण?

आता प्रश्न गाडीचा. रिझर्व्हेशनं सात! दाजी म्हणाले, "सात जण रेल्वेत आणि बाकीचे? मानाचे कोण आणि बिनमानाचे कोण?" शेवटी भाऊबंदांपैकी नथ्थू उठला. त्याचा केळी वाहायचा ट्रक होता. त्यानं ट्रकात केळीची वाळलेली पानं अंथरली, वर सतरंज्या टाकल्या, आणि ऊन कलल्यावर आमची वरात निघाली! सोबत खापरावरचे मांडे दोन टोपल्या, सांजोऱ्या एक डबा आणि पिंपभर आमरस. माझी सात रिझर्व्हेशनं माझ्या खिशातच राहिली. गाडी त्या सात जागा मोकळ्या घेऊन मुंबईला गेली असेल.

"आठवी पिशवी आणली का?" ट्रकात प्रमिलानं माझ्या कानात विचारलं.

सकाळी आम्ही पार्कच्या फाटकासमोर पोचलो. अंग असं आखडलं होतं की ट्रकातून उतरताना मला दोघांनी धरलं. भिकुबाई मात्र टुणकन उडी मारून उतरली!

फाटकावर दोन पाट्या होत्या. एकीवर तिकिटाचे दर, दुसरीवर 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई.' दुसरी पाटी मी वाचलीसुद्धा नाही. पहिली वाचूनच मी खिशातल्या नोटा पुन्हा मोजल्या. माझ्या खिशात सात जणांपुरते पैसे, आणि पाठीमागे अठ्ठावन्न माणसं टोप्या सरळ करून, पदर सावरून आत जायला तयार! पैसे मागावेत तर आवतणाचा पाहुणा कधी पैसे देतो का? त्याच्याकडे मागणं म्हणजे जेवायला बोलावून पानावर बिल ठेवणं!

मी रांगेत जाऊन उभा राहिलो. माझा नंबर आला की मागच्या माणसाला म्हणायचो, "तुम्ही व्हा पुढे." असे पंचवीस-तीस जण मी पुढे सोडले. सारखे आभार मानून घेतल्यानं त्या रांगेत माझं नाव फार चांगलं झालं. पण लांबून दाजींची नजर माझ्या पाठीत रुतत होती.

"काय अडचण शे का, लोटनभाऊ?"

"नाही, नाही! रांग मोठी आहे!"

"रांगेत आता तुम्ही एकटेच उभे आहात."

मी मागे वळून पाहिलं. खरंच की! माझ्यामागे कुणीच नव्हतं. एवढंच काय, खिडकीसमोरची सगळी जागा रिकामी होती. आणि फाटकाबाहेरच्या मोठ्या चिंचेखाली मात्र माणसांचा हा गराडा पडला होता!

झालं होतं असं की, बसून बसून भिकुबाई कंटाळली. एवढ्या लांब यायचं ते झोक्यासाठी, आणि झोक्याचा पत्ता नाही! तिनं चिंचेकडे पाहिलं, मग नथ्थूच्या ट्रकमधल्या केळी बांधायच्या दोरांकडे पाहिलं आणि हाळी दिली, "पोरीसहोन, बठ्या काय राहिन्यात? आखाजी शे ना! झोका बांधा!"

कालची आखाजी तिच्यालेखी संपलीच नव्हती. नथ्थू माकडासारखा झाडावर चढला. तीन फांद्यांना तीन झोके लागले. पहिल्या झोक्यावर माझी बेबाअक्का! पदर खोचून उभी राहिली आणि असा हेलकावा घेतला की पायाचं बोट चिंचेच्या शेंड्याला लागलं! खाली बायकांनी आखाजीची गाणी सुरू केली. तीन वर्षांची साठलेली गाणी होती ती, आवाज काय साधा निघणार होता?

मुंबईची माणसं बघतच राहिली. आधी पोरं आली. मग पोरांना ओढून न्यायला त्यांच्या आया आल्या आणि त्याही झोक्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. एक जाडजूड गृहस्थ गॉगल लावून झोक्यावर बसले, त्यांना आमच्या भाऊबंदांनी दोन्हीकडून असा झोका दिला की त्यांचा गॉगल धरणगावच्या दिशेनं गेला! तरी खाली उतरून म्हणतात कसे, "अजून एकदा!" आत तिकीट काढून गेलेली माणसंसुद्धा फाटकातून डोकं बाहेर काढून विचारायला लागली, "ही राइड कुठून सुरू होते?"

माझी दोन कार्टी रांगेला शिस्त लावत होती!

तेवढ्यात फाटकातून टाय लावलेले एक साहेब तरातरा बाहेर आले. पार्कचे मॅनेजर. "हे काय चाललंय? आमच्या मोठ्या पाळण्यात अकरा माणसं बसलीत आणि इथे दीडशे! बंद करा हे! दोर सोडा!"

भिकुबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. "का बरं? झाड काय तुना बापनं शे का?"

मॅनेजरनं झाडाकडे पाहिलं, मग आपल्या कुंपणाकडे. झाड कुंपणाच्या बाहेर होतं, आणि बापाचं तर नव्हतंच. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आजी, अहो, आमचा धंदा बसेल! तुम्हाला आतच जायचंय ना? जा! सगळे जा! फुकट जा! पण ते दोर तेवढे सोडा हो!"

मला तर त्या टायला मिठी मारावीशी वाटली. पण हाय रे दैवा! फुकट हा शब्द दाजींनी ऐकला.

"फुकट?" दाजींची टोपी थरथरली. "आम्ही फुकटे आहोत? आम्ही आवतणाचे पाव्हणे आहोत! चला रे, बसा ट्रकात!"

अठ्ठावन्न माणसं ट्रककडे वळली. अक्का झोक्यावरून उतरली. चेहऱ्यावरचं हसू कोणीतरी पुसून टाकावं तशी ती दाजींच्या मागे चालायला लागली. एकदा वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, हे माहेरचं शेवटचं वळून पाहणं आहे.

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला! मी मॅनेजरला बाजूला ओढलं. "साहेब, फुकट म्हणू नका! हात जोडा, आणि म्हणा, तुम्हाला सगळ्यांना चूलबंद आवतण आहे!"

"चूल... काय?"

"चूलबंद! म्हणा पटकन, नाहीतर पुन्हा झोके लागतील!"

मॅनेजर धावत सुटले. ट्रकच्या फाळक्यापाशी त्यांनी भिकुबाईला गाठलं आणि टाय सावरत हात जोडले. "आजी, आमच्या पार्काचं तुम्हाला चूलबंद आवतण आहे! सगळ्यांनी यायचं!"

भिकुबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "असं कोरडं आवतण? कुंकू कोठे शे?"

मॅनेजर पुन्हा पळाले. तिकिटाच्या खिडकीत लक्ष्मीचा फोटो होता, त्याच्यापुढची कुंकवाची कोयरी घेऊन आले. एका भल्यामोठ्या पार्कचा मॅनेजर ट्रकभर बायकांना कुंकू लावतो आहे, आणि पुरुषांना हात जोडून 'या हं, नक्की या' म्हणतो आहे, हे दृश्य मी या डोळ्यांनी पाहिलं आहे!

दाजींनी टोपी नीट केली. माझ्याकडे पाहून मान हलवली. "याला म्हणतात मान! लोटनभाऊ, तुमची ओळख लई वरपर्यंत शे!"

मी नुसता नम्रपणे हसलो. अशा वेळी फार बोलू नये.

वाजतगाजत आमची माणसं फाटकातून आत शिरली! अक्का सगळ्यांच्या पुढे! मीही रुबाबात पाऊल उचललं, तेवढ्यात रखवालदारानं काठी आडवी घातली. त्यानं ती दुसरी पाटी दाखवली. मांडे, सांजोऱ्या, आमरसाचं पिंप, सगळं बाहेर! कोणीतरी तिथे थांबायला हवं होतं.

"नथ्थू थांबेल," मी म्हणालो.

"नथ्थूला आवतण नाही का?" दाजींनी विचारलं. "थांबायचं तर तुम्ही थांबा. यजमान कधी पहिली पंगतमा बठस का?"

यजमान शेवटच्या पंगतीला बसतो, हे तर मलाही मान्य होतं. फक्त या पार्कात दुसरी पंगत नव्हती.

मग काय! मी चिंचेखाली पिंपाला टेकून बसलो. फाटकाची उंच भिंत, आत काय चाललं आहे ते काही दिसेना. दिसायचा तो फक्त मोठ्या पाळण्याचा वरचा भाग. थोड्या वेळानं तो फिरायला लागला, आणि अगदी वरच्या टोकाला एक हिरवं लुगडं आलं. माझी अक्का! "लोटन! ए लोटन!" करत दोन्ही हात हलवत होती. खाली गेली की भिंत. वर आली की पुन्हा, "लोटन!" रखवालदाराला वाटलं, माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. मीही तसंच म्हणालो.

संध्याकाळी सगळे नखशिखांत भिजून बाहेर आले. भिकुबाई तीनदा उलटी झाली होती आणि चौथ्यांदा सोडत नाहीत म्हणून उलटी गाडी चालवणाऱ्याशी भांडून आली होती. चिंचेखाली पंगत बसली. मॅनेजरसुद्धा आमरस ओरपायला बसले, आणि दाजींनी त्यांना आग्रह करून करून दोन मांडे जास्त वाढले. अक्का माझ्याजवळ आली. ओल्या हातानं मांड्याचा घास माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "पुढली आखाजीले वाट दखू नको लोटन, मी पहिलेच येसू."

तर मंडळी, माझा बेत शंभर टक्के पार पडला! सातच्या जागी अठ्ठावन्न माणसं आत गेली! तेव्हापासून आमच्या कॉलनीतला जो कोणी पार्कला निघतो, तो आधी माझ्याकडे येतो. उलटी गाडी किती वेळ टांगते, घसरगुंडीवर हात कुठे धरायचे, पाण्यात नाक दाबायचं की नाही, सगळं मला विचारून घेतो. मीही डोळे मिटून, अंगावर काटा आणून खडान्‌खडा सांगतो. ते वही काढून लिहून घेतात.

प्रमिला आतून चहा घेऊन येते आणि पाहुण्यांना शांतपणे म्हणते, "त्यांना फाटकाचं विचारा. ते त्यांनी स्वतः पाहिलंय!"